ढेकळाचं रान पेरणीजोगं कसं करायचं: एका ट्रॅक्टरवाल्याचं ऐका

मिरग तोंडावर आला की माझा फोन सकाळी सहालाच वाजायला लागतो. बोलणारा कुणीही असो, बोलणं एकच. "भाऊ, रान नांगरून पडलंय, नुसती ढेकळं. उद्या ये अन् उभं-आडवं रोटाव्हेटर मार. पाऊस पडायच्या आत पीठ करून दे."

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातला, दुधना नदीच्या काठचा. घरची सात एकर काळी आणि ४५ एचपीचा एक ट्रॅक्टर, एवढा पसारा. बावीस वर्षं झाली लोकांची रानं भाड्यानं करतोय. रोटाव्हेटर म्हणजे ट्रॅक्टरमागचं फिरत्या पात्यांचं औत. ते रानावरून फिरवलं की एक पाळी, आणि प्रत्येक पाळीचे मला पैसे मिळतात, म्हणजे हे जे सांगणार आहे ते माझ्याच धंद्यावर येणारं आहे. पण खरं ते खरं. ज्या रानांत मला रोटाव्हेटर घेऊन बोलावतात, त्यातल्या निम्म्यांना त्याची गरज नसते, आणि ज्यांना असते तिथं बोलावणं चुकीच्या दिवशी येतं.

आधी एक खेळ करून बघा. पोरांनाही दाखवा, त्यांना आवडतो.

नांगरलेल्या रानातून लिंबाएवढी दोन ढेकळं उचला. एक वरचं, उन्हात कडकडीत वाळलेलं. दुसरं तासाच्या, म्हणजे नांगरानं पाडलेल्या चराच्या, तळातलं, हाताला गार लागणारं. काचेच्या दोन ग्लासांत पाणी घ्या आणि एकेक ढेकूळ अलगद सोडा. वाळलेलं ढेकूळ पाण्यात पडलं की बारीक सूं असा आवाज येतो. बुडबुड्यांची माळ सुटते. कडेचे पापुद्रे गळायला लागतात, मग ढेकूळ मधोमध उकलतं, आणि तुमचा चहा संपेपर्यंत ग्लासाच्या तळाशी रवाळ मातीचा ढीग झालेला असतो. दुसरं ढेकूळ मात्र म्हशीसारखं पाण्यात बसून राहतं. तासाभरानं बघा, जवळपास तसंच.

ढेकळं मोडायची सगळी विद्या त्या दोन ग्लासांत आहे. वाळलेल्या ढेकळाच्या छिद्रांत हवा असते. पाणी चारी बाजूंनी आत घुसतं, हवा मध्ये कोंडते आणि ढेकळाला फोडून बाहेर पडते. शिवाय आपली काळी चिकण माती भिजली की फुगते. बाहेरचा भाग फुगला, आतला अजून कोरडा, म्हणून तडे जातात. ओल्या ढेकळात ती हवाच नसते, तर फुटणार कशानं? आमचा म्हातारा म्हणायचा, ढेकूळ उन्हानं भाजावं, पावसानं भिजावं, मग वखरानं नुसतं विचारावं. त्याच्याकडं लाल कंधारी बैलांची जोडी होती आणि बाभळीचा वखर, म्हणजे माती वरवर मोकळी करणारं आडव्या पात्याचं औत. डिझेल नावाचा प्रकार नव्हता, म्हणून वाट बघणं त्याला परवडायचं. आपल्याला ट्रॅक्टर आल्यापासून वाट बघणं जमत नाही.

नांगरट कधी, आणि करायची का

ढेकळं आभाळातून पडत नाहीत, आपण काढतो. तूर निघाली, ज्वारी निघाली, हरभरा निघाला की जमिनीत थोडी ओल शिल्लक असते. फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा. त्या ओलीवर नांगर घातला तर माती सुटते, ढेकूळ निघालं तरी ते ठिसूळ असतं. हेच काम एप्रिलच्या शेवटी कराल तर जमीन दगड झालेली असते. हातभर खोल भेगा पडलेल्या असतात आणि पलटी नांगर मातीचे मोठाले चिरे काढून बाहेर फेकतो. पाटीत मावणार नाही एवढं ढेकूळ. मी अशा रानात नांगर घातलाय, ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जातं. मालक बांधावर उभा राहून खूश होतो, "काय खोल गेलाय!" खोल गेलाय खरा, पण ते ढेकूळ मोडायला जूनमध्ये पुन्हा मलाच बोलवायचंय हे त्याच्या ध्यानात येत नाही.

आणि याच्या उलटी चूक म्हणजे ओल्यात नांगरणं. ऊस तुटला, रानाला पाणी होतं, चार दिवसांत नांगर घातला. तासाचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकला की समजायचं, चुकलं. ती चकाकी म्हणजे दाबून गच्च झालेली माती. वाळली की विटा.

दरवर्षी खोल नांगरट लागते हाही एक भ्रम आहे. हराळी-कुंद्यासारखं चिवट तण माजलं नसेल तर तीन वर्षांतून एकदा नांगरलं तरी पुष्कळ झालं. मधल्या दोन वर्षांत मोगडा, म्हणजे फणांचं औत, आणि वखराच्या दोन पाळ्या, बस्स. काळ्या जमिनीत उन्हाळी भेगा पडतात ती तिची स्वतःचीच नांगरट असते. वरची माती भेगांत पडते, पावसानं भेग मिटते, खालची वर येते. माझ्या विहिरीकडच्या तीन एकरांत २०१९ नंतर पलटी नांगर गेला नाही, आणि तिथंच सगळ्यात कमी ढेकळं निघतात. नांगरायचंच असेल तर उताराला आडवं नांगरा.

चैत्र-वैशाख: काही न करण्याचं काम

नांगरून झालं की रान तापू द्या. हे सगळ्यात अवघड काम, कारण यात काही करायचं नसतं. पोरं ऐकत नाहीत. "बाबा, ढेकळं तशीच पडलीत, लोकांनी रोटाव्हेटर मारून घेतला." मारू द्या. कोरड्या ढेकळांवर रोटाव्हेटर मारला की निम्मी पिठासारखी होतात, निम्मी बोरांएवढी गोटी होऊन उडतात, पाती झिजतात आणि धुळीनं ट्रॅक्टर दिसेनासा होतो. भारी रानात मला एकरी पाच-सहा लिटर डिझेल लागतं ते वेगळंच.

एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात एक-दोन वळीव येतातच. गारपिटीसकट येतात, आंबा झोडपून जातात, पण रानाच्या दृष्टीनं तो फुकटचा मजूर आहे. भाजलेल्या ढेकळावर वळवाच्या सरी पडल्या की ग्लासातला खेळ सात एकरांत होतो. दुसऱ्या दिवशी रानात गेलात तर ढेकळांच्या कडा गोल झालेल्या दिसतील आणि प्रत्येक ढेकळाच्या पायथ्याशी मातीचा बारीक घेर पडलेला असेल. पुन्हा ऊन, पुन्हा सर. असे दोन फेरे मिळाले तर अर्ध्याहून जास्त काम झालं.

या काळात दोनच गोष्टी करायच्या. धसकटं, पऱ्हाट्याचे खुंट वेचून घ्यायचे. आणि कुजलेलं शेणखत एकरी दोन ट्रॉल्या, जमेल त्या वर्षी, पसरून ठेवायचं. ढीग करून नाही, पसरून, आणि शेवटच्या पाळीच्या आधी, म्हणजे उन्हानं त्यातला जीव जात नाही. खताचा ढेकळाशी काय संबंध असं कुणी विचारलं तर मी त्याला आमचा उकिरड्याशेजारचा दोन गुंठ्याचा तुकडा दाखवतो. तीच काळी माती, पण मुठीत धरली तर ओल्या रव्यासारखी मोकळी. सोयाबीनचं भुसकट जाळणाऱ्यांनी तो तुकडा एकदा येऊन बघावा.

वाफसा ओळखणं

वाफसा म्हणजे रान ना चिखल ना कोरडं, औत घालण्याजोगं होण्याची वेळ. इथं थोडा वेळ थांबा, कारण सगळं इथंच बिघडतं किंवा साधतं.

वळवाचा चांगला पाऊस झाला, वा रोहिणीचा. रोहिणी लागतात २५ मेच्या सुमारास, मिरग ७-८ जूनला. पाऊस उघडला की भारी रानात दोन-तीन दिवस जायचंच नाही, चालतसुद्धा नाही. मग रोज सकाळी बघायचं. वरून सुकलेलं रान फसवतं. वर भुरकं दिसतं, खाली चिखल असतो. म्हणून चार बोटं खालची माती काढा, जिथपर्यंत औत जाणार आहे तिथली. मुठीत दाबून लाडू वळा. कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडा.

लाडू चपटा होऊन तसाच चिकटून राहिला तर घरी जा, अजून ओल जास्त आहे. पडून चार-सहा तुकडे झाले आणि तुकड्यांचे पुन्हा बारीक कण झाले, तर औत जोडा, त्याच दिवशी जोडा. लाडूच वळत नसेल, भुगा गळत असेल, तर वेळ गेली.

दुसरी खूण. तीच माती तळहातावर घासून वळा, शेवयांसारखी. काडेपेटीतल्या काडीएवढी बारीक वळी न तुटता झाली तर माती अजून चिखलाच्या जातीची आहे. वळता वळता तुटली की वाफसा. आई अजून तिसरीच खूण सांगते. चपलेला माती चिकटून चप्पल जड झाली तर बाई रानात कामाला जात नाही, मग बैल कशाला न्यायचा?

आपल्या भारी जमिनीत हा वाफसा फार थोडा वेळ टिकतो. मे महिन्यातल्या उन्हात कधी दीड दिवस, कधी दोन. हलक्या माळरानाला हा त्रास नाही, तिथं दुसऱ्या दिवशी दुपारी गेलात तरी चालतं. म्हणून ज्याच्याकडं दोन्ही जातीची जमीन आहे त्यानं आधी माळाचं काम उरकावं आणि मग काळीकडं यावं. माझ्याकडं त्या दोन दिवसांत पंधरा जणांचे फोन येतात, मला चौघांकडंच जाता येतं. त्यामुळं माझं सरळ सांगणं आहे, ट्रॅक्टरवाल्याला पाऊस पडल्यावर फोन करू नका, आधीच नंबर लावून ठेवा. आणि ज्याच्या दावणीला अजून बैल आहेत त्यानं माझ्या भरवशावर बसूच नये. त्या दोन दिवसांत बैलाचा वखर माझ्या ट्रॅक्टरपेक्षा भारी काम करतो, आणि चाकांखाली माती दाबतही नाही.

कोणतं औत, कोणत्या क्रमानं

वाफसा आला की माझा क्रम ठरलेला. आधी मोगडा, म्हणजे नऊ फणांचा. तो ढेकळं हलवतो, बुडातली ओलसर ढेकळं वर काढतो. त्याच्यामागं लगेच फळी. कुणी तिला मैंद म्हणतं. पूर्वी बैलांमागं जाड लाकडी फळी असायची आणि वर माणूस किंवा दोन पोरं उभी राहायची. आम्ही पोरं त्या फळीवर बसायला भांडायचो. आता मी बाभळीचा आठ फूट लांब ओंडका दोन साखळ्यांनी मोगड्यामागं बांधतो. साखळ्या थोड्या कमी-जास्त लांबीच्या ठेवायच्या, म्हणजे ओंडका तिरपा चालतो आणि ढेकळं त्याच्यापुढं नुसती लोळत जात नाहीत, चिरडली जातात. पुढं ढेकळांची रास साचायला लागली तर साखळी दोन कड्यांनी आखडायची, ओंडका थोडा उचलला जातो.

मोगडा आणि फळी यांच्यामध्ये दिवस जाऊ देऊ नका. सकाळी मोगडलं आणि फळी उद्या मारू म्हटलं तर वर आलेलं ढेकूळ एका दुपारच्या उन्हात कडक होतं. मग ते ना ओलं, ना पुरतं भाजलेलं, आणि असं अर्धकच्चं ढेकूळ सगळ्यांत चिवट. एकाच फेरीत दोन्ही.

त्यानंतर पुढच्या पावसाच्या वाफशावर वखराची पाळी, पहिल्या पाळीला आडवी. वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, चार बोटं खोल, त्याहून जास्त नाही. पासेनं उगवलेलं तण मुळासकट कापलं जातं, वरची माती मोकळी होते आणि खालची ओल जागेवर राहते. वखर वर माती मोकळी करतो आणि खाली बी बसायला घट्ट, ओलसर गादी ठेवतो. रोटाव्हेटरनं नेमकी हीच गादी जाते.

रोटाव्हेटर अजिबात वापरू नका असं मी म्हणत नाही. पऱ्हाट्या-तुरीची धसकटं मातीत मिसळायला, हळदीचे गादीवाफे करायला, कांद्याचं रोप टाकायला तो हवाच. वसमतकडच्या हळदवाल्यांना त्याच्याशिवाय जमणार नाही. फक्त चालवायची रीत विचारा. ट्रॅक्टर हळू गिअरमध्ये आणि पाती वेगात, तर माती बारीक होते. ट्रॅक्टर थोडा पळवला तर जाडसर. मागचा पत्रा खाली सोडला की ढेकूळ त्याच्यावर आपटून परत पात्यांत येतं आणि पीठ होतं. पत्रा साखळीवर वर उचलला की माती रवाळ राहते. सोयाबीन-कापसाच्या रानाला पत्रा वर ठेवायला सांगा आणि एकच पाळी घ्या. ड्रायव्हर कुरकुर करेल, कारण पत्रा खाली असला की रान दिसायला गुळगुळीत दिसतं आणि मालक खूश होतो.

किती बारीक?

पीठ नको. हे शंभरदा सांगितलं तरी कमीच.

पिठासारखं केलेलं काळं रान पहिल्या मोठ्या पावसात वरून लिंपल्यासारखं होतं. ऊन पडलं की त्याची पपडी. सोयाबीनचं कोंब मान वाकवून वर येतं, तुरीसारखं सुईनं टोचून येत नाही. पपडीखाली त्याची मान मोडते. पपडी उचलून बघा, खाली पांढरी, मुरगळलेली रोपं दिसतात. बघवत नाही. अशा वेळी लोक बियाण्याच्या पिशवीला शिव्या देतात.

मला जे रान आवडतं ते असं: बियाच्या आसपास, म्हणजे वरच्या दोन-तीन बोटांच्या खाली, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंतचे कण. त्याच्या वर सुपारीएवढी ढेकळं पसरलेली असली तर उलट बरं, पावसाचा थेंब त्यांच्यावर फुटतो, माती लिंपत नाही, पाणी मुरतं. लिंबाएवढी मधूनमधून चालतील. मुठीएवढी मात्र नकोत, कारण पेरणी यंत्राचा फण त्यांच्यावर चढतो, उचलला जातो आणि तेवढ्या फुटा-दोन फुटांत बी उघड्यावर पडतं. रुंद वरंबा सरीनं पेरणार असाल, म्हणजे ज्याला सगळे बीबीएफ म्हणतात, तर याबाबतीत आणखी काटेकोर राहा. वरंब्यात ढेकळं राहिली तर चारही ओळी नागमोडी उगवतात.

पिकाप्रमाणं सूट मिळते. तीळ, बाजरी, कांदा यांना माती बारीक लागते. सोयाबीन, मूग, उडीद मधले. कापूस टोकायचा असतो, त्यामुळं जिथं हात जातो तिथली वितभर जागा मोकळी असली की झालं. तूर तशी धटिंगण. आणि हरभऱ्याला तर थोडं जाडंभरडं रानच मानवतं, त्याच्या मुळांना हवा लागते. हरभऱ्यासाठी रोटाव्हेटरच्या दोन पाळ्या मारून घेणारा माणूस मला भेटला की मी पैसे घेतो आणि गप्प बसतो. आता इथं लिहून टाकलं.

रब्बीची गोष्ट वेगळी, आणि माझी फजिती

वर जे भाजू द्या, भिजू द्या सांगितलं ते खरिपाचं. सोयाबीन निघाल्यावर हरभरा वा ज्वारी पेरायची तर उन्हाळा मध्ये नसतो. तिथं वेळ तासांत मोजायचा.

२०२१चा सप्टेंबर मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. महिनाअखेरीच्या पावसानं नद्या-ओढे एक झाले होते. आमचं सोयाबीन ऑक्टोबरमध्ये कसंबसं निघालं. रान ओलं होतं, पण वर सुकल्यासारखं दिसत होतं. हरभऱ्याची घाई. लोकांना शहाणपण सांगणारा मी, स्वतःच्या चार एकरांत रोटाव्हेटर घेऊन उतरलो. लाडू वळून बघितला नाही. संध्याकाळी रान सुरेख दिसत होतं. तिसऱ्या दिवशी वरच्या गोळ्या वाळून गोट्या झाल्या. पेरलं, उगवलं विरळ. डिसेंबरात झाडं पिवळी पडायला लागली तेव्हा टिकाव घेऊन एक झाड उकरलं. पाच इंचांवर मातीचा थर घोटलेल्या भिंतीसारखा गुळगुळीत, आणि हरभऱ्याचं मूळ तिथपर्यंत सरळ येऊन काटकोनात वळलेलं. ते झाड मी वाळवून गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलं होतं, पुढं उंदरांनी नेलं. धुऱ्यापलीकडच्या भावकीनं आठ दिवस थांबून नुसता मोगडा-फळी करून पेरलं होतं, त्याच्या निम्मंही मला झालं नाही.

तो थर अजूनही काही रानांत आहे. बघायचा तर पावसाळ्यात ओल असताना लोखंडी गज हातानं जमिनीत खुपसा. सहज जात जात एका खोलीवर अडला आणि चार-पाच ठिकाणी त्याच खोलीवर अडला, तर थर आहे. तो फोडायचा उन्हाळ्यात, जमीन खोलवर कोरडी असताना, सबसॉयलरनं, म्हणजे जमीन खोलवर फाडणाऱ्या औतानं. ओल्यात सबसॉयलर नुसती चीर पाडून जातो.

तर रब्बीला असं करा. सोयाबीन काढलं, काड गोळा झाली की वाफसा असेल तर त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी मोगडा आणि फळी एका फेरीत. पलटी नांगर नको, ओल उडून जाते. लगेच पेरा. हरभरा दोन-तीन इंच खोल ओलीत पडला पाहिजे, ज्वारीही तशीच. रान सुकून ढेकळं निघत असतील आणि विहिरीला पाणी असेल तर आधी तुषार सिंचनाच्या फवाऱ्यानं ओलवून घ्या, चार-सहा दिवसांनी वाफसा आला की मग औत. पेरून वरून पाणी देण्यापेक्षा ओलवून पेरणं केव्हाही चांगलं. नंतर दिलेल्या पाण्यानं ढेकळं विरघळून बियावर लिंपण बसतं.

काहीही केलं तरी ढेकळं मोडत नसतील तर

पुन्हा ते ग्लास घ्या. वाळलेलं ढेकूळ विरघळल्यावर ग्लास न हलवता रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पाणी बऱ्यापैकी निवळलेलं असेल तर जमीन ठीक आहे, तुमची वेळ चुकतेय. पाणी सकाळीही दूध घातल्यासारखं गढूळ असेल तर जमीन चोपण होत चालल्याची शंका घ्या. जायकवाडीच्या, पूर्णेच्या कालव्याखाली वर्षानुवर्षं ऊस घेतलेल्या सखल रानांत हे दिसतं. अशा मातीत सोडियम जास्त असतो, तो कणांना एकमेकांपासून सोडवतो, भिजलं की गारा आणि वाळलं की दगड. तिथं औजार काही करू शकत नाही. माती तपासून घ्या, अहवालाप्रमाणं जिप्सम टाका, पाण्याला वाट काढून द्या. परभणीच्या कृषी विद्यापीठात माती तपासून मिळते. जिप्सम अंदाजानं टाकू नका, आणि चर काढल्याशिवाय तर टाकूच नका, सुटलेला सोडियम धुऊन बाहेर जायला जागा हवी.

पेरताना

खरिपाला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, हे सगळे सांगतात, मीही सांगतो. ढेकळांच्या रानात ते दुप्पट खरं, कारण उरलीसुरली ढेकळं त्या पावसात विरतात. गोणपाटात शंभर दाणे भिजवून उगवण बघून घ्या, सत्तरच्या खाली असेल तर ते बी तेल काढायला द्या.

यंत्र सुरू झालं की ट्रॅक्टरवाल्याला पहिल्या पन्नास फुटांवर थांबवा. आम्ही थांबत नाही, थांबवावं लागतं. खाली बसा आणि एक मीटर ओळ बोटांनी उकरा. दीड फुटावर ओळ असेल तर मीटरमध्ये साधारण वीस दाणे दिसायला हवेत. त्यांची खोली बघा: सोयाबीन तीन-चार सेंटिमीटर, पाचच्या खाली कधीच नाही. मग दाण्याला हलकेच बाजूला करा. चारी बाजूंनी माती चिकटलेली असेल तर उत्तम. दाणा दोन ढेकळांच्या मध्ये पोकळीत लटकत असेल तर तो ओल ओढणार कुठून? असे वीसात चार-पाच लटकते सापडले तर यंत्रामागं हलकी साखळी किंवा लाकडाची बारीक दांडी बांधा, जेणेकरून माती पोकळीत ढकलली जाईल. मोठा ओंडका पेरणीवर फिरवू नका, विशेषतः संध्याकाळी पाऊस यायची चिन्हं असतील तर. दाबलेल्या मातीवर पाऊस पडला की परत तीच पपडी.

पपडी पडलीच तर उगवणीच्या आत, चौथ्या-पाचव्या दिवशी, बोरीची वा बाभळीची काटेरी फांदी ओळींवरून हलक्या हातानं ओढा. माणसानं ओढा, ट्रॅक्टरनं नको. तुषार असेल तर अर्धा तास चालवा, पपडी मऊ पडते. नांगे, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, राहिले तर आठ दिवसांच्या आत भरा, त्यापुढं भरलेलं बी मोठ्या रोपांच्या सावलीत बसतं.

माझ्या स्वतःच्या रानात, ओढ्याच्या कोपऱ्यात, दोन गुंठे अजून असे आहेत की जिथं इतकी वर्षं सगळं करूनही मुठीएवढी ढेकळं राहतातच. पाणी तिथंच येऊन थांबतं, वाफसा तिथं आठ दिवस उशिरा येतो आणि तेवढ्यासाठी मी ट्रॅक्टर परत नेत नाही. तिथं आई अंबाडी टाकते. ढेकळांच्या फटीतून ती अशी उगवते की भाजी काढून काढून सुना कंटाळतात.